मामांचे चार पाईप आणि अडकलेला झुरका: प्रकल्प नोंदी

३१ मे २०२५, शनिवार

यंदा पाऊस मे महिन्यातच मुंबईत आला आणि त्याच्या पाठोपाठ मामांचा फोन. "तुझ्या त्या लेथच्या ओळखीचा काही उपयोग होतो का बघ. पाईप ओढताना जीव जातो माझा." मामा एकोणऐंशी वर्षांचे. सगळी नोकरी जहाजावर, रेडिओ ऑफिसर म्हणून. गिरगावातल्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात पंच्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले, तंबाखू ओढायचे चार पाईप, मीरशॉम नावाच्या मऊ दगडाचे. तीन इस्तंबूलच्या छतबाजारातून घेतलेले, चौथा आफ्रिकेच्या बंदरावरचा.

मी तंबाखू सोडून नऊ वर्षं झाली, तेव्हा ओढून परीक्षा घेणं माझ्याकडून होणार नाही. मामांनाही डॉक्टरांनी चांगलं झापलंय. तरी रविवारी संध्याकाळी एक पाईप, ही तडजोड त्यांनी मामींशी केलेली आहे, डॉक्टरांशी नाही.

क्रमांक देऊन टाकले. १: पगडीवाला दाढीवाला म्हातारा. २: साधा, नक्षी नाही. ३: गरुडाच्या पंजात धरलेलं अंडं. ४: आफ्रिकी, काळपट तपकिरी. तक्रारी दोन: १ आणि २ ओढत नाहीत, ३ गुडगुडतो. चौथ्याबद्दल मामा म्हणाले, "तो असाच आहे, राहू दे."

२ जून, सोमवार

पाईप सुटे केले. भागांना नावं ठेवतो म्हणजे पुढं घोळ नको: तंबाखू भरायची ती वाटी, तिच्यातून निघणारी दगडाची मान, तोंडात धरायचा तो स्टेम, आणि मान व स्टेम जोडणारी पांढऱ्या प्लास्टिकची खुंटी. खुंटीचे दोन तुकडे असतात. एक आट्यांनी दगडात बसतो, दुसरा स्टेमला असतो आणि पहिल्यात दाबून बसतो.

मीरशॉम म्हणजे जर्मनमध्ये समुद्राचा फेस. गंमत अशी की आपल्याकडे समुद्रफेस म्हणतात ते माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड, काष्ठौषधीवाल्याकडे मिळतं, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात. आणि या दगडाला सेपिओलाइट हे शास्त्रीय नाव १८४७ साली दिलं गेलं, ते माकुलाच्या त्याच हाडावरून. दोन्हीकडच्या लोकांना तीच वस्तू आठवावी! प्रत्यक्षात दगडाचा समुद्राशी काही संबंध नाही. तुर्कस्तानात आत, एस्किशेहिरच्या आसपास जमिनीखालून त्याचे गड्डे काढतात. तिथलं नाव लूलेताशी, म्हणजे थेट चिलमीचा दगड.

हा दगड म्हणजे पाणी धरलेलं मॅग्नेशियमचं सिलिकेट. इतकं सच्छिद्र की कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो, आणि इतकं मऊ की नखाचा ओरखडा उठतो. ओला असताना साबणासारखा कोरता येतो. म्हणजे याला पाना लावायचा नाही, व्हाइसमध्ये धरायचा नाही. टूलरूममध्ये छत्तीस वर्षं पोलादाशी झटापट केलेल्या हातांना हे आधी शिकवावं लागणार.

क्रमांक १, स्टेमशिवाय, सोनाराच्या छोट्या काट्यावर ४१.३६ ग्रॅम. मानेतलं भोक ३.६ मिलिमीटर.

७ जून, शनिवार

आधी चूक लिहितो. मोजमाप व्हायच्या आधीच नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन ४ मिलिमीटरचं लांब ड्रिल घेऊन आलो. मामांचं ठाम मत होतं की भोक मोठं केलं की काम झालं, आणि मलाही ते पटलं होतं. आता ते ड्रिल तेलाचं बोट लावून डब्यात पडलंय.

संध्याकाळी डोकं ठिकाणावर आल्यावर ठरवलं की 'ओढ' आकड्यात आणायची. मामांच्या तोंडाला एक वाटेल, माझ्या तोंडाला दुसरं.

मांडणी अशी. खाली नळ असलेला वीस लिटरचा पाण्याचा जार. तोंडाला रबरी बूच, बुचातून दोन नळ्या. एक नळी पाईपच्या स्टेमला. नळ सोडला की जेवढं पाणी खाली जाईल तेवढीच हवा पाईपमधून आत येणार, दुसरा मार्गच नाही. सिगारेटची ओढ मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात सेकंदाला १७.५ मिलिलिटर हवा धरतात. पाईप ओढणारा तसाच ओढतो असं नाही, पण चौघांना एकच माप लागेल. म्हणून नळ असा लावला की एक लिटरचं माप ५७ सेकंदांत भरावं. जार रुंद असल्याने लिटरभर पाण्याने पातळी दोनेक सेंटिमीटरच उतरते, वेग फारसा बदलत नाही.

दुसरी नळी सलाईनची, औषधाच्या दुकानातली. ती फळीवर तिरपी चिकटवली, पाच सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ अशी. खालचं टोक लाल शाईच्या पाण्याच्या वाटीत बुडवलेलं. जारमध्ये ओढ बसली की लाल पाणी नळीत वर सरकतं. खरी उंची एक मिलिमीटर वाढली की फळीवर पाच मिलिमीटर दिसते. बारीक नळीत पाणी नुसतं ठेवलं तरी आपोआप थोडं चढून बसतं, तेव्हा नळ बंद असताना ते जिथं थांबलं तिथंच शून्याची खूण केली. नळी आधी आतून ओली करून घेतली, नाहीतर पाणी अडकत अडकत चढतं.

हिने विचारलं, "हे काय, घरी दारू गाळायची आहे का?"

८ जून, रविवार

रिकाम्या पाईपांचे आकडे, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये, प्रत्येकी तीनदा मोजून:

क्र. १: २१. क्र. २: १४. क्र. ३: ९. क्र. ४: १२.

मग क्र. १चा स्टेम काढला आणि नळी सरळ दगडाच्या मानेला जोडली. २. पुन्हा जोडली, पुन्हा २. मग स्टेम एकटाच लावला. १८.

दगड निर्दोष होता. सगळा अडथळा तोंडाकडच्या ॲक्रिलिकच्या तुकड्यात. प्रकाशासमोर धरून बारीक तारा सरकवून पाहिल्या तर ओठाकडे शेवटच्या दीड सेंटिमीटरला भोक जेमतेम १.४ मिलिमीटर. कारागिराने दगडावर पगडीची एकेक घडी कोरली आणि स्टेमला घाईघाईत बारीक ड्रिल मारून दिलं.

यात एक हिशेब आहे. पॉइझ्वी नावाचा फ्रेंच डॉक्टर रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं याचा अभ्यास करत होता. १८४०च्या सुमारास त्याला आढळलं की वाहतं द्रव्य व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. संथ प्रवाहात व्यास निम्मा केला की अडथळा सोळापट. वर अरुंद जागेत घुसताना आणि बाहेर पडताना हवेची शक्ती जाते ती वेगळी. म्हणजे ३.६चं दगडी भोक ४ करून जे मिळालं असतं ते दगडाच्या त्या २ मिलिमीटर अडथळ्यातलं अर्धं-पाऊण. आणि दगडाला पडलेलं भोक परत लहान करता येत नाही.

मामांना फोन केला. "दगड चांगला आहे, स्टेम बारीक आहे."

"म्हणजे पन्नास वर्षं मी उगाच दगडाला शिव्या घातल्या?"

"हो मामा."

१५ जून, रविवार

क्र. १चा स्टेम. बाजारात मिळणाऱ्या बारीक कानशीही फटीत जात नाहीत. हॅकसॉचं तुटलेलं पातं घेतलं, जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर, ग्राइंडरवर अरुंद करून टोकाला दोन-तीन दातच ठेवले. ते फटीत घालून डावीकडे-उजवीकडे, फक्त ओढताना दाब देऊन. रेटताना दाब दिला की टोक भरकटतं. आतली जागा सुपासारखी करायची: ओठाकडे पसरट आणि रुंद, आत जाता जाता निमुळती होत गोल भोकाला मिळालेली. ओठाशी फट १२ मिलिमीटर रुंद आणि १.६ उंच केली. दातांत धरायच्या जागी स्टेम ४.२ जाड आहे, म्हणजे वर-खाली १.३ उरलं. याहून खोल गेलो असतो तर मामांच्या कवळीने तुकडा पाडला असता.

मग मागच्या बाजूने ३.५चं ड्रिल, हातचकात धरून, बोटांनी फिरवत. ॲक्रिलिक तापलं की वितळून ड्रिलला चिकटतं, म्हणून चार फेरे की बाहेर, भुसा झटक, पुन्हा. खुंटीच्या तोंडाला शंकूसारखी उतार-कड दिली. आत शेवटी टूथपेस्ट लावलेली पाईप-काडी, म्हणजे पाईप आतून पुसायची केसाळ तार, तीनशे वेळा. मोजली नाही, पण 'पहिली मंगळागौर' पासून 'शेवटची बातमी' पर्यंत टीव्ही चालू होता.

स्टेम एकटा: ४. पूर्ण पाईप: ६.

एकवीसवरून सहा. चहा प्यालो आणि पुन्हा मोजलं. सहाच.

२१ जून, शनिवार

क्र. २. वाटीत दोन मिलिमीटर जाड काजळीचा थर. मामांनी आयुष्यभर ब्रायरचे लाकडी पाईपही ओढलेत, तिथं थोडा थर मुद्दाम वाढू देतात, तो लाकूड जळण्यापासून वाचवतो. मीरशॉम जळत नाही, त्याला हे कवच नकोच. उलट कोळसा आणि दगड उष्णतेने वेगवेगळे फुगतात आणि दगडाला तडा जाऊ शकतो. शिवाय काजळी तोंडावर आली की दगडाला धुराचा अंश शोषता येत नाही, मग रंग कसला चढणार.

वाटी खरवडायचा लोखंडी रिमर लावला नाही. आइस्क्रीमच्या काडीला धार काढून खरवडलं, शेवटचा पापुद्रा २२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून. वाटीच्या तळाशी भोकाचं तोंड काजळीने अर्धं झाकलेलं निघालं. आकडा १४वरून ११. यापुढे प्रत्येक वेळी पाईप निवल्यावर नुसता कागद फिरवून वाटी पुसायची, हे मामांना मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

२२ जून, रविवार

आज नासवलं. क्र. २चा स्टेम क्र. १च्यासारखाच कोरला, झकास झाला, आकडा ५ आला. आत चिकट डांबर होतं म्हणून कोरोनाच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर पाईप-काडीवर घेऊन दोनदा फिरवलं. जेवून येईपर्यंत फटीच्या दोन्ही टोकांपासून केसाएवढ्या रेषा निघाल्या होत्या, काचेला थंडीत तडकावं तशा.

ॲक्रिलिकवर नुकतंच कापकाम झालेलं असलं की आत ताण कोंडलेला असतो, आणि अल्कोहोल लागलं की तो असा फुटून बाहेर येतो. हे मला माहीत होतं. कारखान्यात मशीनच्या ॲक्रिलिक खिडक्या स्पिरिटने पुसू नका म्हणून पाटी मीच लावली होती. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरला असता. दगडात अल्कोहोल ओतायचा तर विचारही नको, ब्रायरला मीठ-स्पिरिट भरून ठेवतात ती युक्ती इथं मेण उपसून काढेल.

हा स्टेम बाद. ॲक्रिलिकची कांडी आणून नवा करावा लागेल.

२९ जून, रविवार

क्र. ३, गरुडाचा पंजा. आकडा नऊ, म्हणजे ओढ वाईट नाही. गुडगुड मात्र अशी की हुक्क्याला गुडगुडी का म्हणतात ते कळावं.

मानेत तार घालून खोली मोजली, मग खुंटीची लांबी. खुंटीचं टोक आणि दगडातल्या भोकाचं तोंड यांच्यामध्ये ६ मिलिमीटरची पोकळी, आठ मिलिमीटर रुंद. तंबाखूत ओल असते आणि जळतानाही पाण्याची वाफ होते. धूर अरुंद भोकातून एकदम मोठ्या खोलीत शिरतो, रेंगाळतो, निवतो, भिंतीवर थेंब जमतात, आणि पुढचा झुरका त्या डबक्यातून बुडबुडे काढत जातो. तोंडात कडू पाणी येतं तेही इथलंच.

मित्राच्या कुर्ल्याच्या गाळ्यात जाऊन डेलरिन या कडक प्लास्टिकच्या कांडीतून दगडात बसणारा तुकडा नवा काढला, जुन्यापेक्षा साडेपाच मिलिमीटर लांब. आतलं भोक ४, दगडाच्या बाजूला शंकू. अर्धा मिलिमीटर जागा मुद्दाम सोडली. तुकडा तळाला टेकेपर्यंत आवळला तर तोच पाचरीसारखा मान फोडेल. जुने आटे गाळ्यातल्या आटे पाडायच्या एकाही टॅपशी जुळेनात, शेवटी लेथवर तसे कापले.

दगडातले आटे झिजलेत. आधी कुणीतरी सिगारेटचा कागद गुंडाळून भागवलं होतं. मामा म्हणतात, "मी नाही." तुर्की बाजारातही कुणी केलं असेल असं वाटत नाही.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

घरात उपास आणि मला अंडं पाहिजे. जुनी युक्ती अशी की अंड्याच्या पांढऱ्यात दगडाची पूड कालवून लेप द्यायचा, गरम झालं की तो घट्ट धरतो. आजच्या दिवशी स्वयंपाकघरात अंडं फोडलं असतं तर पाईपबरोबर मीही दुरुस्तीला गेलो असतो. उद्या.

८ जुलै, मंगळवार

काल लेप दिला, बारीक कुंचल्याने, दोन पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. डेलरिनच्या तुकड्याला मेणाचं बोट लावून हळूच बसवला म्हणजे तो कायमचा चिकटू नये. आज फिरवून काढला, आटे स्वच्छ उठलेत. पंजातलं अंडं दुरुस्त करायला अंडंच लागलं. आकडा ९वरून ७, पण खरी परीक्षा धुराची.

क्र. ४ उरकला. टांझानिया-केनियाच्या सीमेवरच्या अंबोसेलीचा दगड. एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, स्टेम हिरवट पडला होता. त्या रबरातलं गंधक उजेडाने आणि हवेने वर येतं. ६०० पासून २००० नंबरच्या पाणपेपरने घासला, आतून साबण-पाणी, आकडा १२वरून ७. बाकी हात लावला नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. लोकल बंद, घरात अडकलो. या महिना-दीड महिन्यात एक वेगळीच नोंद चालू होती ती आज लिहितो.

क्र. १चं वजन: २ जूनला ४१.३६. सिलिका जेलच्या, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून स्टीलच्या बंद डब्यात पाच दिवस ठेवला: ३९.८८. मग मुद्दाम खिडकीशी उघडा ठेवला, पावसाळी हवेत, थेंब न लागू देता. चार दिवसांत ४१.७४. जवळजवळ दोन ग्रॅम नुसती मुंबईची हवा! चमचाभर पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि ते मामा दर रविवारी काडी लावून तापवत होते. ओला दगड पेटला की पहिली दहा मिनिटं वाफच. दगडाचं शोषणं एरवी गुण आहे, धुराची ओल तो स्वतःत घेतो. पण आधीच भरलेला असेल तर घेणार कुठं? 'पावसाळ्यात पाईप रुसतो' असं मामा म्हणायचे त्याचं उत्तर हे.

ओव्हनमध्ये, उन्हात किंवा गॅसजवळ सुकवायचा नाही, तडकेल. मामींना सांगितलं, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकता तसंच समजा, फक्त पुड्या मोठ्या. पुड्यांमधल्या दाण्यांनी रंग बदलला की ते तव्यावर मंद परतून घ्यायचे. मामी म्हणाल्या, "म्हणजे आता पाईपाचाही स्वयंपाक माझ्याकडेच."

२३ ऑगस्ट, शनिवार

मेण. मामांना रंगाची हौस. नवा दगड पांढरा, वर्षानुवर्षं ओढून तो पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी होतो. त्यांच्या क्र. १ची मान छान चढलीय, दाढी मात्र फिकट, कारण हात लागून मेण गेलंय.

महाबळेश्वरहून आणलेलं मधमाशांचं मेण, पातेल्यात पातेलं ठेवून वितळवलं. ते ६२-६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर धरायचं नाही. दगड आधी डब्यात कोरडा केलेला, ३९.९१ ग्रॅम. ओल्या दगडावर मेण लावणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट. हेअर ड्रायरने सगळीकडून सारखा कोमट केला, स्टेम काढून ठेवला होता. कुंचल्याने मेण फिरवलं की पहिल्यांदा ते पांढरं साय धरतं, ड्रायर पुन्हा जवळ नेला की सायीला काठाकडून पाझर फुटतो आणि दोन-तीन सेकंदांत पृष्ठभाग ओला-ओला होऊन कोरडा पडतो. गेलं आत. पगडीच्या घड्यांत साचलेलं मलमलीच्या टोकाने टिपलं. असे दोन हात. वाटीच्या आत आणि काठावर एक थेंबही नाही. तिथून दगडाला धूर प्यायचाय.

वजन ४०.६०.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपती गेले, गिरगाव जरा शांत झालं, पाईप घेऊन मामांकडे. गॅलरीत खुर्ची, आगपेटी, मामी आत दार लावून.

क्र. ३ आधी. शेवटपर्यंत गुडगुड नाही. मग मामा स्टेम उपसायला गेले तसा मी हात धरला. गरम असताना फिरवायचा नाही, दगड निवू द्या, मगच.

क्र. १ मात्र तापला. इतका की मामांनी रुमालात धरला. पाईप बिघडला नव्हता. मामा पन्नास वर्षांच्या सवयीने एकवीसचा झुरका मारत होते आणि समोर अडथळा सहाचा. हवा भसाभस आत, निखारा लाल. "हळू ओढा, मामा. चहा फुंकून पितो तसं." त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, एकदा विझला, पुन्हा काडी. तिसऱ्या काडीनंतर बसली लय. तंबाखूही थोडी घट्ट भरायला सांगितली. आकडा दहाच्या आसपास ठेवला असता तर त्यांना सोपं गेलं असतं का, हे क्र. २चा नवा स्टेम करताना बघेन. तिथं फट थोडी कमी कोरतो.

शेवटची राख झटकून मामांनी पाईप उलटा करून पाहिला, कानाशी धरला, पुन्हा एक रिकामा झुरका मारला.

"काय रे, गुडगुड नाही म्हटल्यावर ओढतोय की नाही तेच कळत नाही."

निवल्यावर क्र. १ स्टेम काढून काट्यावर ठेवला: ४१.४८. वाटी कागदाने पुसली, स्टेम वेगळा, दोन्ही डब्यात. पुढचं वजन बुधवारी, मामी घेणार आहेत.